शिवलेल्या नसेची संवेदना तपासताना: हँड थेरपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मनगटाशी कापलेली मीडियन नर्व्ह (अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना संवेदना देणारी नस) शिवली की पेशंट पहिल्यांदा हेच विचारतो, "बोटांना कळायला कधी लागेल?" "होईल लवकर" असं कृपा करून सांगू नका. सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. मनगट ते तर्जनीचं टोक हे अंतर त्याच्यासमोर मोजा आणि उत्तर महिन्यांत द्या.

आधी टिनेल, म्हणजे नसेवर टिचकी मारून झिणझिण्या उठतात का, ते बघा. बोटांकडून मनगटाकडे हलके टिचकी मारत या. जिथे टिचकी मारल्यावर बोटांत झिणझिण्या उठतात ती जागा प्रत्येक भेटीत पुढे सरकायला हवी. ती टाक्यांपाशीच अडून राहिली तर सर्जनला लगेच कळवा.

मोनोफिलामेंट म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारे नायलॉनचे धागे; आकडा जितका मोठा तितका धागा जाड. त्यांचे आकडे पाठ होतात, पद्धत मात्र हातात बसायला वेळ लागतो. पेशंटचा हात टॉवेलच्या गुंडाळीवर पक्का टेकवा, कारण सांधा जरा हलला तरी तो त्यावरूनच ओळखतो. फिलामेंट काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबा, दीडेक सेकंद धरा, उचला. आणि "लागलं का?" असं विचारूच नका. आपल्याकडे डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून लोक "हो हो" म्हणतात, वयस्कर मंडळी तर हमखास. "लागलं की 'हं' म्हणा, डोळे मिटा," एवढं सांगा आणि मग गप्प राहा. मध्येच स्पर्श न करताही थांबून बघा. 2.83 कळलं तर नॉर्मल. 4.31 लाच कळत असेल तर संरक्षक संवेदना (भाजणं, टोचणं कळवणारी) कमी आहे, त्याहून जाड लागत असेल तर ती गेलेली आहे. अशा पेशंटची बोटं दर वेळी उलटीपालटी करून भाजल्याच्या खुणा शोधा. तवा आणि चहाचा स्टीलचा पेला, दोन्हींबद्दल विचारा.

टू-पॉइंट, म्हणजे एकदम टेकवलेली दोन टोकं किती जवळ असली तरी दोन म्हणून कळतात ही चाचणी, नंतर करा. बोटाच्या टोकावर 6 मिलिमीटरच्या आत नॉर्मल, पण नस शिवल्यावर मोठ्या माणसात तिथवर पोचणं अवघडच. मला मोबर्गची उचलण्याची चाचणी जास्त सांगून जाते. नाणं, किल्ली, बटण, सेफ्टी पिन टेबलावर ठेवा. डोळे उघडे असताना तर्जनी वापरणारा माणूस डोळे मिटल्यावर ती बाजूला ठेवतो आणि अनामिका-करंगळीने चाचपडतो. फिलामेंटचा आकडा सुधारलेला असला तरी हे दिसलं की लिहून ठेवा.

तर्जनीला स्पर्श केला आणि पेशंटने मधलं बोट दाखवलं, तर ते चूक म्हणून खोडू नका. हाताच्या नकाशावर स्पर्शाच्या जागेपासून त्याने दाखवलेल्या जागेपर्यंत बाण काढा. संवेदनेचं पुनर्शिक्षण त्या बाणापासूनच सुरू करायचं असतं.