गोल्फमध्ये ग्रीनजवळचा वेज निवडताना: कोरलेला आकडा सोडा, तळ बघा

जुलै महिना, येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फचं मैदान, ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) पाच पावलांवर. माझा नवाकोरा ६० अंशांचा वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायचा क्लब, चेंडूच्या चार बोटं मागे जमिनीत रुतला. चिखलाचं ढेकूळ चेंडूच्या पुढे गेलं आणि चेंडू जागचा हलला तो वीतभर. कॅडी काही बोलला नाही. त्याने बॅगेतून कमी तिरप्या तोंडाचं ८ नंबरचं आयर्न काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

त्या वेजवर ६०.०४ असं कोरलेलं होतं. ६० म्हणजे लॉफ्ट, क्लबचं तोंड मागे किती कललंय तो कोन, हे कळत होतं, ०४ कडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आयुष्यभर टूलरूममध्ये कोन मोजत आलेल्या माणसाने असं करावं, याची लाज अजून जात नाही. त्यानंतर मी स्वतःसाठी आणि आमच्या रविवारच्या मंडळींसाठी इतके वेज तपासले, की आता कुणी ‘६० अंशांचा घेऊन टाका, प्रो लोक तोच वापरतात’ म्हणालं की मी विषय बदलतो.

आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट बघा

पिचिंग वेज म्हणजे आयर्नच्या सेटबरोबरच येतो तो. जुन्या सेटमध्ये त्याचा लॉफ्ट ४८ अंशांच्या आसपास असायचा, हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये ४३-४४ असतो. कंपनीच्या वेबसाइटवर आकडा मिळतो. तिथून पाच-सहा अंशांच्या टप्प्याने वर जा: ४४ असेल तर ५० आणि ५६. नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लबच चालतात, त्यामुळे ६० चा आणायचा तर कुठला काढणार ते आधीच ठरवा.

तुलनेला तीनच ठेवा

दहा वेज मांडून बसलात तर शेवटी रंगावर निर्णय होतो. एक साधा ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज (वाळूच्या खड्ड्यासाठीचा), एक रुंद तळाचा, आणि तिसरा तुमच्या आवडीचा, मग तो लॉब (चेंडू सगळ्यात उंच उडवणारा) असो की चिपर (चेंडू ग्रीनवर घरंगळवणारा).

चिपरला नाक मुरडू नका. पिंगचा चिपआर ३८.५ अंशांचा आहे, क्लीव्हलँडच्या स्मार्ट सोलमधला ‘सी’ ४२ अंशांचा. दोन्ही पटरसारखे, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबसारखे हलवायचे, मनगटाला काम नाही. आमच्यातले एक डॉक्टर सत्तरीत चिपर वापरायला लागले. आम्ही हसलो, आणि आता दर रविवारी नाश्त्याचे पैसे आम्हीच देतो. फक्त स्वस्तातला घेताना दोन गोष्टी तपासा. चेंडू मारायची बाजू एकच हवी, कारण दोन्हीकडून मारता येणारा चिपर नियमात बसत नाही; ती सवलत फक्त पटरला आहे. आणि ग्रिप गोल हवी, पटरसारखी पुढून सपाट नको. स्पर्धेत उतरणार नसाल तर गोष्ट वेगळी.

६४ अंशांच्या लॉबबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

आता खरं काम: तळ वाचणं

इथेच मी आपटलो होतो, म्हणून इथे वेळ काढा.

वेजचा तळ सपाट नसतो. पुढची कडा थोडी वर आणि मागचा भाग खाली, असा तो झुकलेला असतो. या झुकावाच्या कोनाला बाऊन्स म्हणतात; ६०.०४ मधला ०४ तो हाच. बाऊन्स असला की तळ जमिनीवर टेकतो आणि सरकतो, नसला की पुढची कडा कुदळीसारखी आत शिरते. अमेरिकन गोल्फर जीन सॅरेझनने नेमकं हेच ओळखलं. त्याने निब्लिकच्या (तेव्हाच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) तळाला मागून शिसं जोडलं आणि मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा खाली आणला. १९३२ ची ब्रिटिश ओपन तो याच हत्यारासह जिंकला. डाग देऊन आणि कानस मारून जुळवलेली ही गोष्ट, म्हणून मला तो माणूस आपल्या वर्कशॉपमधला वाटतो.

साधारणपणे ४ ते ६ अंश म्हणजे कमी बाऊन्स, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त. इथवर कुठल्याही व्हिडिओत सांगतात. पुढचं सांगत नाहीत: हा आकडा दांडा सरळ उभा धरून मोजलेला असतो. तुम्ही मारताना दांडा सरळ असतो का?

मला शिकवणाऱ्याने ‘हात पुढे, हात पुढे’ असं घोकून घेतलं होतं. हात लक्ष्याकडे झुकवले की दांडा झुकतो, आणि दांडा जितके अंश झुकेल तितके अंश बाऊन्समधून वजा होतात. माझा दांडा सहज दहा अंश झुकत असणार. चारातून दहा गेले, उरले उणे सहा. म्हणजे तळ टेकण्याआधीच कडा जमिनीत. वर लॉफ्टही तेवढाच घटला आणि ६० चा झाला ५०. ज्या उंचीसाठी पैसे मोजले तीही गेली. मी दोन वर्षं स्वतःच्या स्विंगला शिव्या घालत होतो. दोष निम्मा स्विंगचा होता, निम्मा मी केलेल्या खरेदीचा.

हे घरी जेवणाच्या टेबलावर तपासता येतं. काचेचं टेबल उत्तम. वेज चेंडू मारायच्या स्थितीत टेकवा, दांडा सरळ उभा. आता पुढच्या कडेखाली पत्त्यांची पानं एकेक करून सरकवा. माझ्याकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे म्हणून मी ते वापरतो, पण पत्त्याचं पान साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं, तेवढा अंदाज पुरतो. माझ्या ५६.१२ खाली नऊ-दहा पानं गेली, त्या ६०.०४ खाली तीन आणि चौथं अडलं.

मोजणी दुसऱ्यांदा करा, पण आता हात खरोखर मारताना जिथे असतात तिथे नेऊन. इथे स्वतःशी खोटं बोलू नका. बायकोला किंवा मुलाला बाजूने फोनवर शूटिंग करायला सांगा आणि चेंडूला लागतानाची फ्रेम थांबवून बघा. या मोजणीत एकही पान जात नसेल तर तो वेज तुमचा नाही, नाव कितीही मोठं असो.

तिसरी मोजणी तोंड उघडून. फेस, म्हणजे क्लबचं तोंड, उजवीकडे वळवा, चेंडू उंच उडवायला किंवा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वळवतो तसा. कडा वर उचलली जाते आणि जास्त पानं जायला लागतात. किती जास्त, हे टाचेकडचा (दांड्याच्या बाजूचा) तळ कसा घासलेला आहे त्यावर ठरतं. ग्राइंड ग्राइंड म्हणतात ती हीच भानगड. टाचेकडून आणि मागच्या कडेवरून धातू काढलेला असेल तर तोंड उघडूनही कडा खाली राहते. पूर्ण तळ असेल तर ती टणकन वर येते आणि कडक जमिनीवर चेंडूच्या पोटात बसते. टायटलिस्टच्या व्होकी वेजवर एफ, एस, एम, के, एल, टी, डी अशी अक्षरं येतात ती या घासणीचीच नावं. अक्षरं पाठ करू नका, पानं मोजा. तोंड कधी उघडतच नसाल, आणि आपल्यातले दहातले आठ जण उघडत नाहीत, तर घासलेल्या तळाचे जादा पैसे कशाला?

आणि कोन हेच सगळं नव्हे. तोच दहा अंशांचा कोन अरुंद तळावर असला तर कडा कमी उचलली जाते, रुंद तळावर जास्त. कोरलेला आकडा हे सांगत नाही, पत्ते सांगतात. रुंद तळाचे वेज नवख्या माणसाला सोपे जातात ते यामुळेच.

रांगोळीची परीक्षा

दुकानातल्या मॅटवर वेजची तुलना करणं म्हणजे सायकल स्टँडवर लावून घाट चढल्यासारखं. मॅटखाली कठीण तळ असतो. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी सरकत पुढे येतो आणि चेंडू उडतो. मला त्या ६०.०४ ने असंच फसवलं होतं. म्हणून डेमो क्लब किंवा मित्राचा वेज मागून घ्या आणि खऱ्या गवतावर न्या.

सरावाच्या जागेच्या कडेला, ग्रीनपासून लांब, पांढऱ्या रांगोळीची हातभर रेघ काढा. चेंडू नकोच. रेघ म्हणजेच चेंडू असं समजून प्रत्येक वेजने दहा-दहा फटके मारा, दर फटक्याला रेघेवर थोडं पुढे सरकत. मग खाली वाकून बघा. रेघेवर किंवा रेघेच्या पुढे लागलेले फटके सोडून द्या. ते कुठल्याही वेजने चांगलेच जातात. बघायचे ते रेघेच्या मागे पडलेले. गवताची टोकं कातरल्यासारखी झाली, रेघ पुसली गेली आणि माती जागच्या जागी आहे, तर तळाने तुमची चूक पोटात घातली. जिथे जिभेच्या आकाराचा खड्डा पडून रेघ तशीच शाबूत आहे, तिथे चेंडूही तसाच राहिला असता.

माझ्या दहात चार फटके मागे पडले होते. ५६.१२ ने चारातले तीन सांभाळले, ६०.०४ ने एकही नाही. एवढं कळायला मला वीस मिनिटं लागली, आणि दोन वर्षं.

गवताची दिशाही बघा. आपल्याकडे बर्म्युडा म्हणतात ती मुळात हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. तिची पाती एका बाजूला लवलेली असली आणि तुम्ही उलट्या दिशेने मारत असाल, तर कमी बाऊन्सचा वेज हमखास अडकतो. त्यामुळे निम्मे फटके उलट्या बाजूने मारा.

चेंडूवर

नेहमी खेळता तोच चेंडू घ्या, सरावाच्या रेंजवरचे नकोत. दहा पावलांवरून दहा चेंडू, तीन ठिकाणांहून: बऱ्या गवतातून, उघड्या मातीवरून, बंकरमधून. दोन पावलांच्या आत किती थांबले ते वहीत लिहा. सगळ्यात सुंदर चेंडू कुठल्या वेजने गेला ते लिहू नका. त्या एका चेंडूच्या नादाने चुकीचे वेज विकले जातात.

पुण्याचे दोन ऋतू

‘जमीन कडक तर बाऊन्स कमी’ हा सल्ला खोटा नाही, पण तो चेंडू स्वच्छ उचलणाऱ्यांसाठी आहे. एप्रिल-मेमध्ये फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) बाहेरची, पाणी न पोचलेली जमीन फरशीसारखी वाजते. तिथे १४ अंशांचा रुंद तळ उसळतो आणि चेंडू टॉप होऊन, म्हणजे वरच्या अंगाला फटका बसून, ग्रीनपार जातो, हे मीही भोगलंय. पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तीच जमीन लोण्यासारखी होते, आणि तेव्हा कमी बाऊन्स म्हणजे नांगरणी. वर्षभर एकच वेज ठेवणार असाल तर ५६ अंश, बाऊन्स दहाच्या आसपास, टाचेकडून थोडा घासलेला. मे महिन्यात उघड्या मातीवरून वेज बाहेरच काढू नका. ८ नंबरने चेंडू घरंगळवा. माझ्या कॅडीला हे माझ्या आधी कळलं होतं.

बंकरचं उलटं ध्यानात ठेवा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत जास्त बाऊन्स तारतो. पावसाने दाबून बसलेल्या वाळूत तोच तळ आपटून उसळतो, म्हणून तिथे तोंड उघडू नका, सरळच ठेवा.

पावसाळ्यात घेतलेला वेज उन्हाळ्यात पुन्हा एकदा रेघेवर मारून बघा. आणि रेघ काढण्याआधी माळीबुवांना सांगा. मी पहिल्यांदा पहाटे रांगोळीची पिशवी घेऊन ओणवा झालो होतो, तेव्हा ते पाइप टाकून धावत आले आणि म्हणाले, “साहेब, इथं भूमिपूजन आहे का? आम्हाला कुणी बोललं नाही.”