सागरी गोगलगायींचे वर्गीकरण: शंखाच्या आत पाहण्याची रीत

कोकण किनाऱ्यावरून पुण्याला परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत बहुधा रिकामे शंखच असतात. उत्क्रांतीच्या नात्यांवर आधारलेल्या वर्गीकरणाला मात्र आतला प्राणी लागतो, कारण सारख्या परिस्थितीत परस्परांशी दूरचे नाते असलेल्या गोगलगायींनाही सारखेच कवच येते.

लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी, हे याचे उत्तम उदाहरण आहे. ओहोटीच्या खडकांवर सेलाना आणि सायफोनेरिया या दोन प्रजातींची (जातींच्या समूहांची) टोपीसारखी कवचे वरून फसवी, एकसारखी दिसतात. कवच उलटे करून भिंगाखाली धरावे. स्नायूच्या नालाकृती खुणेतील फट सेलानात डोक्याच्या बाजूला असते, तर सायफोनेरियात ती उजवीकडे, श्वसनछिद्राच्या जागी असते. सेलाना पॅटेलोगॅस्ट्रोपोडा गटातील आहे. हवेत श्वास घेऊ शकणारी सायफोनेरिया मात्र हेटेरोब्रँकिया गटात, म्हणजे बागेतील गोगलगायींच्या जवळ बसते.

नमुने मोजकेच घ्यावेत, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत असलेल्या जातींना हात लावू नये. प्राणी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल करून पायाचा लहान तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, म्हणून हा तुकडा त्यात कधीही बुडवू नये.

त्यानंतर शवविच्छेदन करून कल्ले, हृदय आणि चेतारज्जू (मज्जातंतूंचे जाड दोर) यांची मांडणी रेखाटावी. तोंडातील दातांची पट्टी, म्हणजे रॅड्युला, वेगळी काढण्यासाठी मुखपिंड (तोंडामागचा स्नायूंचा गोळा) १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवावा. हे द्रावण त्वचा जाळते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवेतच. एका ओळीत सात दात दिसले तर बहुधा सीनोगॅस्ट्रोपोडा, पंख्यासारखे असंख्य दात दिसले तर व्हेटिगॅस्ट्रोपोडा किंवा नेरिटिमॉर्फा गट असा अंदाज बांधता येतो. शंकूशंखाचा दात तर विष टोचणाऱ्या पोकळ भाल्यासारखा असतो.

खरी कसोटी पुढे लागते. प्रत्येक लक्षण पूर्वजांकडून जसेच्या तसे आले आहे की त्या शाखेत नव्याने घडले आहे, हे बाह्यगटाशी, म्हणजे अभ्यासातील गटाबाहेरच्या नातलग प्राण्यांशी, ताडून ठरवावे. जुना ‘प्रोसोब्रँकिया’ गट याच ठिकाणी कोसळला: हृदयापुढील कल्ला आणि शरीराला पडलेल्या पिळामुळे एकमेकांना छेदणारे चेतारज्जू ही जुनी, वारशाने टिकलेली लक्षणे होती, त्यामुळे ती जवळचे नाते सिद्ध करीत नाहीत. जाती ओळखण्यासाठी डीएनएतील सीओआय नावाचे जनुक उपयोगी पडते, वंशवृक्षाच्या खोल, म्हणजे जुन्या फांद्यांसाठी १८एस आणि २८एस जनुके पाहावीत.

कवच, रॅड्युला आणि ऊतक यांना एकच क्रमांक द्यावा आणि ठिकाण व तारीख पेन्सिलीने लिहावी. नाव पक्के करण्याआधी आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातील तज्ज्ञांना नमुना दाखवावा.