ऑइल दिसतं तिथूनच गळत नसतं

आयटीआय संपवून मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजात कामाला लागलो. पहिल्याच महिन्यात एक जुनी स्प्लेंडर हाती आली. ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भागाच्या, खालच्या जोडावर ऑइल चकाकत होतं. मी ठरवून टाकलं, ब्लॉक पॅकिंग, म्हणजे तो जोड बंद ठेवणारा पातळ थर, गेलं. हेड उतरवलं, ब्लॉक काढला, नवं पॅकिंग टाकलं. सगळा दिवस गेला. चार दिवसांनी गाडी परत दारात, आणि ऑइल जिथल्या तिथं. गाडीवाले काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाकावर बसून राहिले. त्यांचे पैसे माझ्या घाईमुळे वाया गेले होते.

मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. इंजिन डिझेल आणि ब्रशने घासून धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि त्यावर साधी अंगाची पावडर भुरभुरली. मग मला म्हणाले, "जा, यवतेश्वरचा घाट चढून ये." चढाला इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं आणि एरवी लपलेली गळती बाहेर येते. वर जाऊन वाकून पाहिलं, तर वरच्या टॅपेट झाकणाखाली (व्हॉल्व्हचं अंतर जुळवायला उघडतात ते झाकण) पावडरीत एक बारीक काळी रेघ उमटली होती. झाकणाची रबरी ओ-रिंग उष्णतेनं कडक आणि चपटी झाली होती. तिथलं ऑइल फिन्सवरून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांवरून, ओघळून ब्लॉकच्या जोडावर साठत होतं.

ऑइल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागे सरकतं. म्हणून इंजिन धुतल्यावर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर इंजिनावर चिखलाचा थरच असतो. तो न काढता निदान करू नका, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

आता यापेक्षा अवघड गोष्ट. जागा सापडली तरी कारण दुसरंच असू शकतं. एका जुन्या कास्ट आयर्न बुलेटची सीलं (शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) आम्ही दोनदा बदलली, तरी ती पुन्हा ओली. शेवटी ब्रीदर पाइप काढला, तर आत घट्ट गाळ. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, जो दाब तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, मग तो जिथं जमेल तिथून ऑइल ढकलत होता. त्यामुळे एकापेक्षा जास्त जागी गळती दिसली की आधी ब्रीदर बघा. पाइप मोकळा असून त्यातून सतत जोरात धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजा. ऑइल जास्त भरलंय का तेही बघा. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोट सुई, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, गळतेय.

किकच्या, गिअर शाफ्टच्या किंवा पुढच्या स्प्रॉकेटमागच्या सीलचं काम असेल, तर जुनं सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही. सीलची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवा, ओठाला ऑइल लावूनच बसवा. स्प्रॉकेटपाशी चेनला मारलेलं ऑइलही साचतं, तेही आधी पुसून घ्या.

सिलिकॉन मात्र जपून वापरा. क्लच कव्हर उघडलं आणि आत ऑइलच्या जाळीवर सिलिकॉनचे गोळे अडकलेले, असं मी कितीदा तरी पाहिलंय. गळती थांबवायला लावलेला तो थर ऑइलची वाटच अडवतो, आणि मग वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कोरडा पडून खराब होतो.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकचं वेगळं असतं. बाहेर थेंबही नाही, पण गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय. ते ऑइल आत ओढलं जाऊन जळतंय, जमिनीवर ते कधीच दिसणार नाही.