टोकन रिक्वेस्टला कसं जोडायचं आणि कुणाला जोडायचं नाही

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी ग्रंथालयासाठी मी देवघेवीचं वेब ॲप तयार केलं. सभासदांची यादी, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे याची नोंद आणि नव्या पुस्तकांची भर, एवढंच त्याचं काम. नवं पुस्तक आलं की ग्रंथपालबाईंनी मागच्या बाजूचा आयएसबीएन क्रमांक टाकायचा, आणि बाहेरच्या एका सेवेकडून शीर्षक, लेखक, प्रकाशक आपोआप भरले जायचे. आठवडाभर ते छान चाललं. मग मी ॲपला लॉगिन जोडलं, आणि त्याच दिवसापासून ती माहिती येणं बंद झालं. आमच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या बाकी सगळ्या रिक्वेस्ट व्यवस्थित चालत होत्या.

अर्धा दिवस मी चूक बाहेरच्या सेवेत शोधली. ती माझ्याच कोडमध्ये होती. लॉगिननंतर ॲक्सिओसच्या (रिक्वेस्ट पाठवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) सर्वसाधारण सेटिंगमध्ये मी टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, भरून ठेवलं होतं. त्यामुळे पानावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला, अगदी परक्या सर्व्हरकडे जाणाऱ्या रिक्वेस्टलाही, ते चिकटत होतं. म्हणून टोकन कुणाला जोडायचं नाही, हे आधी ठरवून मगच ते जोडायला शिकावं, असं माझं मत आहे.

टोकन म्हणजे बेअरर चेक

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. दोन सेकंदांपूर्वी लॉगिन केलेला माणूस आणि आता सभासदांची यादी मागणारा माणूस एकच आहेत, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर एक टोकन देतो आणि पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ते दाखवावं लागतं. दाखवायची नेहमीची जागा म्हणजे ‘ऑथरायझेशन’ हेडर, रिक्वेस्टबरोबर जाणारी एक नावानिशी नोंद. त्यात आधी ‘बेअरर’ हा शब्द, मग एक स्पेस, मग टोकन. कोडमध्ये हे शब्द अर्थातच रोमन लिपीत लिहायचे. ही पद्धत २०१२ साली आरएफसी ६७५० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नक्की झाली.

‘बेअरर’ हा शब्द आपल्याला बँकेतून ओळखीचा आहे. बेअरर चेक ज्याच्या हातात, पैसे त्याला. टोकनचंही तसंच आहे. ते ज्याच्या हाती लागेल, त्याला सर्व्हर तुम्हीच समजतो. पासवर्ड विचारत नाही, ओटीपी विचारत नाही. बेअरर चेक ज्या काळजीने खिशात ठेवाल, तेवढीच काळजी इथे हवी.

टोकन बहुधा जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) प्रकारचं असतं. टिंबांनी जोडलेले त्याचे तीन भाग असतात आणि मधल्या भागात माहिती असते. ती अगम्य दिसली तरी गुप्त नसते. बेस६४ उलगडून कुणीही ती वाचू शकतो. सही असल्यामुळे टोकनमधला मजकूर बदलला तर पकडला जातो, वाचणं मात्र अडत नाही. त्यामुळे सभासदाचा फोन नंबर वगैरे त्यात भरू नका.

पहिली पायरी: टोकन ठेवायचं कुठे

बहुतेक जण ते लोकल स्टोरेजमध्ये ठेवतात, कारण सोपं पडतं आणि पान रिफ्रेश केलं तरी टिकतं. पण पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट लोकल स्टोरेज वाचू शकते. कुणी पुस्तकाच्या अभिप्रायात स्क्रिप्ट घुसवली आणि तुम्ही ती न गाळता दाखवली, तर टोकन गेलं.

मी हे असं करतो: रिक्वेस्टला जोडायचं ॲक्सेस टोकन पंधरा मिनिटांचं, आणि ते फक्त जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये. नवं ॲक्सेस टोकन मिळवण्यासाठी लागणारं रिफ्रेश टोकन कुकीत. त्या कुकीला ‘एचटीटीपी ओन्ली’, ‘सिक्युअर’ आणि ‘सेमसाइट’ या तिन्ही खुणा हव्यात. पहिलीमुळे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. दुसरीमुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते. तिसरीमुळे परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर ती जाण्याला आळा बसतो. कुकीचा ‘पाथ’ फक्त रिफ्रेशच्या पत्त्यापुरता ठेवला की ती इतर रिक्वेस्टबरोबर फिरत नाही. पान नव्याने उघडलं की व्हेरिएबल रिकामं असतं, म्हणून ॲप सुरू होताना आधी एकदा रिफ्रेश मागायचं.

टोकन यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हापुढे कधीच टाकू नका. यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते, ब्राउझरच्या हिस्टरीत राहते आणि लोक ती व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतात.

दुसरी पायरी: जोडणी एकाच ठिकाणी करा

प्रत्येक फेच कॉलमध्ये (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) हेडर लिहीत बसलात, तर एक ना एक जागा सुटतेच. सगळ्या रिक्वेस्ट ज्यातून जातील असं एकच फंक्शन लिहा. ॲक्सिओस वापरत असाल तर आपल्या सर्व्हरसाठी वेगळा इन्स्टन्स (ॲक्सिओसची स्वतंत्र प्रत) तयार करून इंटरसेप्टर, म्हणजे रिक्वेस्ट जाण्याआधी चालणारं फंक्शन, त्यालाच लावा. सर्वसाधारण सेटिंगला हात लावू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

त्या फंक्शनमध्ये कामाचा क्रम असा: पत्ता तपासा, पत्ता आपला असेल आणि हातात टोकन असेल तरच हेडर लावा, मग रिक्वेस्ट पाठवा. टोकन नसेल तर हेडरच लावू नका. नाहीतर ‘बेअरर अनडिफाइन्ड’ असं काहीतरी सर्व्हरकडे जातं.

पत्ता कसा तपासता, याकडे नीट लक्ष द्या. ‘यूआरएल आपल्या पत्त्याने सुरू होते का’ अशी तुलना पुरत नाही. आपला पत्ता ‘ग्रंथालय डॉट इन’ असेल, तर ‘ग्रंथालय डॉट इन डॉट भलतंच डॉट कॉम’ हा पत्तासुद्धा त्याच अक्षरांनी सुरू होतो, आणि टोकन तिकडे निघून जातं. यूआरएल ऑब्जेक्ट तयार करून त्याचा ‘ओरिजिन’ काढा. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही तंतोतंत जुळले तरच टोकन जोडा.

माझी रिक्वेस्ट नेमकी कुठे अडली

दुसऱ्या ओरिजिनकडे साधी गेट रिक्वेस्ट जाते, तेव्हा ब्राउझर ती थेट पाठवतो. पण तिला ऑथरायझेशन हेडर लागलं की ती साधी राहत नाही. मग ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ प्रकारची विचारणा पाठवतो: हे हेडर घेऊन येऊ का? पुस्तकांची माहिती देणाऱ्या त्या खुल्या सेवेला ऑथरायझेशनची गरजच नव्हती, त्यामुळे तिच्या उत्तरात त्याला परवानगी नव्हती. ब्राउझरने खरी रिक्वेस्ट पाठवलीच नाही. एका अर्थी मी वाचलो. त्या सेवेने परवानगी दिली असती, तर ग्रंथालयाचं टोकन रोज तिकडे जात राहिलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता.

हाच नियम तुमच्या स्वतःच्या सर्व्हरलाही लागू आहे. पान एका ओरिजिनवर आणि एपीआय दुसऱ्यावर असेल, तर परवानगीच्या हेडरांच्या यादीत ‘ऑथरायझेशन’ हे नाव स्पष्ट लिहावं लागतं. नुसती ‘सगळं चालेल’ अर्थाची फुली (*) टाकून चालत नाही, कारण त्या फुलीत ऑथरायझेशन धरलं जात नाही. ऑप्शन्सच्या विचारणेबरोबर टोकन येत नाही, म्हणून सर्व्हरवरची टोकन-तपासणी तिला वगळून करा. ती विचारणाच ४०१ (ओळख पटली नाही असं सांगणारा क्रमांक) देऊन परत पाठवली, तर पुढचं सगळं खुंटतं. रिफ्रेशसाठी कुकी दुसऱ्या ओरिजिनकडे जायची असेल, तर फेचमध्ये ‘क्रेडेन्शियल्स’ला ‘इन्क्लूड’ द्या, आणि सर्व्हरवर पानाचा ओरिजिन नावानिशी लिहा. तिथेही फुली चालत नाही.

तिसरी पायरी: टोकन संपतं तेव्हा

गोव्यात पुष्कळ ठिकाणी दुपारी एक ते तीन-साडेतीन दार बंद असतं, आमचं ग्रंथालयही त्यातलंच. बाई संगणक तसाच ठेवून जेवायला घरी जायच्या. परत आल्यावर पहिलं बटण दाबलं की ॲप त्यांना थेट लॉगिनच्या पानावर आणून सोडायचं. “सकाळी ओळखतं, जेवून आले की ओळखतच नाही,” असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

दुपारभरात पंधरा मिनिटांचं टोकन संपणारच. त्यासाठी रिफ्रेश होतं, आणि एकेकटी रिक्वेस्ट गेली तर ते चोख चालत होतं. पण बाई जे पान उघडायच्या, ते एकदम चार रिक्वेस्ट पाठवायचं: सभासद, देवघेव, थकबाकी, नवी पुस्तकं. चारही ४०१ घेऊन परत. चौघींनीही एकाच वेळी रिफ्रेश मागितलं. आमचा सर्व्हर प्रत्येक वेळी नवं रिफ्रेश टोकन देऊन जुनं रद्द करतो. पहिलीचं काम झालं. उरलेल्या तिघी जुनंच टोकन घेऊन आल्या. सर्व्हरला वाटलं, कुणीतरी चोरलेलं टोकन वापरतंय, आणि त्याने सगळं सेशनच बंद केलं. सर्व्हर बरोबरच होता.

उपाय असा: रिफ्रेश सुरू झालं की त्याचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जावास्क्रिप्टमधली पावती) एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. ४०१ घेऊन आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टने आधी पाहायचं, आधीचं रिफ्रेश चालू आहे का. असेल तर त्याच प्रॉमिसची वाट पाहायची, नसेल तरच नवं सुरू करायचं. काम झालं किंवा फसलं, तरी व्हेरिएबल रिकामं करायचं. मग प्रत्येकीने नवं टोकन घेऊन एकदाच परत जायचं. दुसऱ्यांदाही ४०१ आलं तर लॉगिनचं पान दाखवायचं, नाहीतर ॲप गोल गोल फिरत राहतं. रिफ्रेशची रिक्वेस्ट या फंक्शनमधून पाठवायचीच नाही, ती थेट जाऊ दे. दोन टॅब उघडे असतील तर हाच गोंधळ टॅबांमध्ये होतो. तिथे एका वेळी एकाच टॅबला काम करू देणारं ब्राउझरचं ‘वेब लॉक्स’ उपयोगी पडतं.

रिक्वेस्ट पुन्हा पाठवताना आणखी एक अडचण येते. फेचला दिलेल्या रिक्वेस्ट ऑब्जेक्टचा मजकूर एकदा वापरला की पुन्हा वापरता येत नाही. पुस्तक परत केल्याची नोंद पहिल्या खेपेला ४०१ खाऊन आली, तर दुसऱ्या खेपेसाठी प्रत हातात हवी. पाठवण्याआधीच ‘क्लोन’ करून ठेवा.

४०३ आलं तर मात्र रिफ्रेश करू नका. ४०१ म्हणजे तू कोण ते पटलं नाही. ४०३ म्हणजे तू कोण ते कळलं, पण हे काम तुझं नाही. नवं टोकन आणून त्यात फरक पडणार नाही.

टोकन संपायच्या आधीच बदलायचं असेल तर टोकनमधल्या ‘एक्स्प’ या नोंदीतली संपण्याची वेळ सेकंदांत असते आणि जावास्क्रिप्टचं घड्याळ मिलिसेकंदांत, हे लक्षात ठेवा. हजाराने गुणायला विसरलात तर प्रत्येक टोकन जन्मतःच संपलेलं दिसतं.

चौथी पायरी: डोळ्यांनी पाहा

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ उघडा आणि एकेक रिक्वेस्ट दाबून तिची हेडरं वाचा. आपल्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येकीला ऑथरायझेशन आहे का आणि ‘बेअरर’पुढे एकच स्पेस आहे का, हे पाहा. मग परक्या पत्त्यांच्या रिक्वेस्ट उघडा. तिथे ते हेडर दिसता कामा नये. चाचणीच्या सर्व्हरवर टोकनचं आयुष्य एका मिनिटावर आणा, दोन मिनिटं हात न लावता थांबा आणि सगळ्यांत जड पान उघडा. यादीत रिफ्रेश एकदाच दिसलं पाहिजे.

लॉगआउटही तपासा. ग्रंथालयाचा संगणक एकटीच्या वापरातला नसतो, संध्याकाळी त्यावर सभासदही पुस्तकं शोधतात. नुसतं व्हेरिएबल रिकामं करून भागत नाही, कारण कुकी तशीच राहते आणि पान पुन्हा उघडलं की ॲप गुपचूप नवं टोकन आणतं. लॉगआउटच्या वेळी सर्व्हरला सांगून रिफ्रेश टोकन रद्द करायचं, कुकी पुसायची आणि उघड्या असलेल्या दुसऱ्या टॅबलाही ‘ब्रॉडकास्ट चॅनल’वरून निरोप द्यायचा. मी हे बाईंसमोर बसून करून पाहिलं: दोन टॅब उघडले, एकात ‘बाहेर पडा’ दाबलं, आणि दुसऱ्यातली सभासदांची यादी जाऊन तिथे लॉगिनचं पान आलं.