पाम म्यूटचा गुबगुबाट कसा आवरला

ड्रॉप सी ट्यूनिंगमधली (सर्वांत खालची तार सी सुरापर्यंत उतरवलेली) हेवी गिटार, डावी-उजवीकडे डबल ट्रॅक (तोच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड केलेला). उघड्या कॉर्ड्स झकास वाजत होत्या, पण पाम म्यूट (तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवणं) आला की स्पीकरमधून नुसतं ‘ढुम्म’. बेस गिटार आणि किक ड्रम दोन्ही त्याखाली गडप.

सरसकट ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खालच्या फ्रिक्वेन्सी कापल्या तर उघड्या कॉर्ड्सचा जीव जातो. म्हणून आधी उगमाकडेच गेलो. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावलं: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल जवळपास पूर्ण. हे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा गेन उतरता ठेवतं, त्यामुळे अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये शिरायच्या आधीच आवाज आवळला जातो. अ‍ॅम्पवरचा बेस नॉब बहुतेक हाय-गेन अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शननंतर येतो. तो कितीही कमी केला तरी ही धार मिळत नाही. सगळ्यात मोठा फरक मला इथेच पडला.

एसएम५७ माइक स्पीकरच्या जाळीला चिकटवला की प्रॉक्सिमिटी इफेक्टने, म्हणजे माइक फार जवळ असल्यामुळे, खालचा आवाज फुगतो. तो दोन बोटं मागे घेतला.

उरलेलं काम मल्टिबँड कॉम्प्रेसरचं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज वाढला की तेवढाच दाबणाऱ्या साधनाचं. एकच बँड, ८० ते २५० हर्ट्झ. थ्रेशोल्ड (ज्या पातळीनंतर दाबणं सुरू होतं ती) असा धरला की म्यूटवर ४-५ डेसिबल कमी व्हावेत आणि उघड्या कॉर्डला मीटर जेमतेम हलावा. शेवटी ७० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापणारा फिल्टर. सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास असली, तरी तिथली जागा खुशाल बेस गिटारला द्यावी. सोलो करून (बाकी ट्रॅक बंद ठेवून) ऐकाल तर गिटार थोडी रोड वाटेल. बेस चालू ठेवूनच ठरवा.