अर्लांगमध्ये सॉकेट ‘अ‍ॅक्टिव्ह वन्स’वर ठेवा
अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत सर्व्हर लिहिताना दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारं छोटं काम) दिली की निम्मं काम झालं; उरलेलं सॉकेटच्या, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाच्या, ‘अ‍ॅक्टिव्ह’ सेटिंगवर. ते ‘ट्रू’ असेल तर येईल तो डेटा थेट प्रोसेसच्या मेलबॉक्समध्ये (आलेल्या मेसेजच्या रांगेत) पडत राहतो. मेलबॉक्सला मुळात मर्यादा नसते, त्यामुळे एकच उतावळा क्लायंट अख्ख्या नोडची (चालू अर्लांग सिस्टिमची) मेमरी खाऊ शकतो. म्हणून ‘वन्स’ ठेवा: एक मेसेज आला की सॉकेट थांबतो, तो हाताळून झाला की ‘सेटऑप्ट्स’ या सेटिंग बदलणाऱ्या फंक्शनने पुन्हा ‘वन्स’ करा. तोवर टीसीपीचे बफर भरतात आणि पाठवणाऱ्यालाच थांबावं लागतं. पुन्हा ‘वन्स’ करणं मात्र अजिबात विसरू नका, नाहीतर कनेक्शन तुटल्याचा मेसेजसुद्धा येणार नाही. ट्रॅफिक फारच असेल तर ‘वन्स’ऐवजी १०० सारखा आकडा द्या, तितके मेसेज येऊन तो संपला की सॉकेट थांबतो आणि तसं सांगणारा ‘टीसीपी_पॅसिव्ह’ मेसेज येतो.