कुडा स्ट्रीम जुळवताना उत्तर कधी बरोबर, कधी चूक? या चुका टाळा

एनव्हिडियाच्या जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसर) कुडा या तिच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतल्या दोन-तीन स्ट्रीम, म्हणजे कामांच्या रांगा, समांतर चालवल्या की प्रोग्रॅम चांगला पळतो. मग एके दिवशी उत्तरात कचरा येतो. पुन्हा चालवा, सगळं ठीक. डीबगर लावा, चूक गायब. मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो: कोडमध्ये ओळी ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने काम होतं. कर्नल (जीपीयूवर चालणारं फंक्शन) लाँच केला की होस्टकडे, म्हणजे सीपीयूवरच्या प्रोग्रॅमकडे, ताबा लगेच परत येतो, काम फक्त स्ट्रीमच्या रांगेत लागलेलं असतं. एका स्ट्रीममधला क्रम पक्का असतो. दोन स्ट्रीममध्ये मात्र तुम्ही सांगाल तेवढाच. (फंक्शनच्या नावांतला सुरुवातीचा ‘कुडा’ वाचायला सोपं जावं म्हणून खाली गाळला आहे.)

वेट आधी, रेकॉर्ड नंतर

सगळ्यात फसवी चूक ही. एका स्ट्रीममध्ये ‘इव्हेंट रेकॉर्ड’ करायचं, म्हणजे ‘इथवरचं काम झालं’ अशी खूण लावायची, आणि दुसरीला ‘स्ट्रीम वेट इव्हेंट’ने थांबवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इव्हेंट अजून एकदाही रेकॉर्ड झालेला नसेल, तर वेट थांबत नाही. एररही देत नाही, गुपचूप सक्सेस परत करतं. कुडाच्या लेखी कधीच रेकॉर्ड न झालेला इव्हेंट म्हणजे पूर्ण झालेला इव्हेंट. रेकॉर्ड एका होस्ट थ्रेडमध्ये आणि वेट दुसऱ्यात असेल, तर कधी ना कधी हे होणारच. रेकॉर्डचा कॉल आधी झाला, याची खात्री तिथे सीपीयूच्या बाजूनेच करावी लागते; थ्रेडना एकमेकांसाठी थांबवणारी साधनं, म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल, त्यासाठीच आहेत.

दुसरी बाजू लूपमध्ये दिसते. वेट कॉल होताना जो शेवटचा रेकॉर्ड झालेला असेल, त्यालाच ते बांधलं जातं. तोच इव्हेंट नंतर पुन्हा रेकॉर्ड केला तरी आधीचं वेट बदलत नाही. म्हणून लूपमध्ये वेटची ओळ रेकॉर्डच्या वर गेली की प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्या कामाची वाट पाहते, आणि चालू फेरीचा डेटा तयार आहे की नाही, हे नशिबावर.

परतीचा वेट विसरणं

व्हिडिओच्या फ्रेम येताहेत असं धरा. डिव्हाइसवर, म्हणजे जीपीयूच्या मेमरीत, क आणि ख हे दोन बफर (डेटा ठेवायच्या जागा) आहेत. कॉपी स्ट्रीम फ्रेम 0 क मध्ये टाकते, फ्रेम 1 ख मध्ये, फ्रेम 2 पुन्हा क मध्ये. कर्नल दुसऱ्या स्ट्रीमवर आहे. ‘कॉपी झाली’ हा इव्हेंट लावायला कोणी विसरत नाही, कारण तो नसेल तर पहिल्याच दिवशी गडबड दिसते. विसरला जातो तो उलटा इव्हेंट: ‘क मोकळा झाला’. फ्रेम 0 वरचा कर्नल संपायच्या आत फ्रेम 2 ची कॉपी क वर चढली, तर कर्नल अर्धी जुनी आणि अर्धी नवी फ्रेम वाचतो.

कर्नल कॉपीपेक्षा झपाझप संपतो तोवर हे खपून जातं. कोणीतरी कर्नलमध्ये जड फिल्टर घातला की चित्रात आडवे तुकडे दिसू लागतात आणि दोष फिल्टरवर जातो. उपाय सोपा: कर्नलनंतर ‘मोकळा’ रेकॉर्ड करा आणि कॉपी स्ट्रीमला त्यावर थांबवा. पहिल्या फेरीसाठी वेगळी अट नको. रेकॉर्ड न झालेल्या इव्हेंटवर वेट थांबत नाही, हा वर त्रास देणारा नियम इथे कामी येतो. होस्टकडचा पिन केलेला (जागेवरून न हलणाऱ्या मेमरीतला) बफरही कॉपी संपायच्या आत पुन्हा भरू नका. तिथे ‘इव्हेंट सिंक्रोनाइझ’ लागतं, कारण थांबायचं असतं सीपीयूला. हे इव्हेंट ‘डिसेबल टायमिंग’ फ्लॅगने बनवा, फुकटचा खर्च वाचतो.

डिफॉल्ट स्ट्रीमच्या भरवशावर राहणं

स्ट्रीम न सांगता दिलेलं काम जिथे जातं ती जुनी (लेगसी) डिफॉल्ट स्ट्रीम इतर साध्या स्ट्रीमशी आपोआप ताळमेळ ठेवते. ‘नॉन ब्लॉकिंग’ फ्लॅगने बनवलेल्या स्ट्रीमशी नाही. वेग वाढवायला कोणी तो फ्लॅग लावतं आणि डिफॉल्ट स्ट्रीमवरचा ‘मेमसेट’ संपायच्या आत कर्नल तीच मेमरी वापरू लागतो. बफर शून्य करण्याची ओळ डोळ्यासमोर असते, म्हणून शंकाही येत नाही.

उलट, काहीच समांतर चालत नसेल तर आधी होस्टची मेमरी पाहा. साध्या मॅलॉक किंवा व्हेक्टरच्या मेमरीवरून केलेली ‘मेमकॉपी एसिंक’ (होस्टला न थांबवणारी कॉपी) फक्त नावाला एसिंक असते. ‘मॅलॉक होस्ट’ने घेतलेली, म्हणजे पिन केलेली, मेमरी हवी. कुडा 11.2 मध्ये स्ट्रीमच्या रांगेतच मेमरी सोडणारं ‘फ्री एसिंक’ आलं. ते स्वतःच्या स्ट्रीमपुरतंच बघतं. दुसरी स्ट्रीम ती मेमरी वापरत असेल तर फ्रीच्या आधी तिच्यावर थांबणं तुमच्याकडे. पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीत टेन्सर (आकड्यांची सारणी) बाजूच्या स्ट्रीमवर वापरताना ‘रेकॉर्ड स्ट्रीम’ विसरलं तर हीच गोष्ट होते.

ग्राफ कॅप्चर करताना (स्ट्रीमवरची कामं पुन्हा चालवता यावीत म्हणून टिपून घेताना) एरर 904 आला, तर मूळ स्ट्रीममधून फाटा फुटलेली एखादी स्ट्रीम तिला परत जोडलेली नाही. त्या स्ट्रीमच्या शेवटी रेकॉर्ड आणि मूळ स्ट्रीमवर वेट, मगच ‘एंड कॅप्चर’.

चूक शोधताना

एरर 700 ज्या ओळीवर दिसतो ती ओळ बहुधा निर्दोष असते. चुकीचा मेमरी ॲक्सेस आधीच्या कर्नलचा. ‘कुडा लाँच ब्लॉकिंग’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून चालवा; मग प्रत्येक कर्नल संपेपर्यंत होस्ट थांबतो. एरर खऱ्या जागी येतो. उत्तरातला कचराच नाहीसा झाला, तर संशय क्रमावर घ्या. जागोजागी ‘डिव्हाइस सिंक्रोनाइझ’ टाकूनही तो थांबेल, पण मग स्ट्रीम कशाला केल्या? निदानापुरतं टाका आणि काढा. कंप्यूट सॅनिटायझर या एनव्हिडियाच्या तपासणी साधनातला रेसचेक कर्नलच्या आतल्या शेअर्ड मेमरीपुरताच पाहतो, त्यामुळे त्याने हिरवा कंदील दिला तरी दोन स्ट्रीममधली शर्यत शिल्लक असू शकते.

खरी कसोटी म्हणजे मुद्दाम उशीर लावणं. ज्या स्ट्रीमची वाट पाहायची आहे, तिच्यात खऱ्या कामाच्या आधी घड्याळ बघत नुसता फिरणारा एक कर्नल टाका. वेट नीट असेल तर सगळं उशिरा होईल, पण उत्तर तेच राहील. वेट नसेल तर महिन्यातून एकदा दिसणारा कचरा दर वेळी दिसू लागेल. एका वेळी एकाच जोडावर हे करा आणि परतीचे जोडही सोडू नका.